पाटीवर एकोणीस

दिग्रस, ता. १२ नोव्हेंबर १९५८

डोंगरमामा, पाया पडतो. मामीलाही सांगा.

तुमच्या शब्दावर शेठनं मला कापसाच्या जिनाचा मॅनेजर केलं, त्याला आज आठ दिवस झाले. दिवाळी झाली आणि कपाशीच्या गाड्यांची रांग थेट नाल्यापर्यंत लागली आहे. सरकी काढायचे रेचे दिवसभर चालतात आणि रुईचं गोदाम भरत चाललंय. तुम्ही पंचवीस वर्षं ज्या गोदामाच्या दारात बसलात तिथंच आता माझं टेबल आहे. लोक मला अजून 'डोंगरसिंग दरवानाचा भाचा' म्हणतात. मॅट्रिक झालो ते कोणाच्या लक्षात नाही.

आता एक विचारतो, रागावू नका. तुम्ही दरवान होता की संन्यासी? लोक सांगतात, सकाळी रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवरची अठरा माणसं आत जाताना निंबाखालच्या दगडी ओट्यावर आपापली काडेपेटी ठेवत आणि तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून बसत. झडती नाही, मोजणी नाही. कोणाला बिडीची तलफ आली की तो बाहेर यायचा, निंबाखाली ओढायचा आणि काडेपेटी परत ठेवून आत जायचा. रुईच्या गोदामाला असा दरवान मी कुठं ऐकला नाही.

मी मात्र ओट्याकडे तोंड करून बसलो आणि मोजलं. माणसं अठरा. काडेपेट्या एकोणीस. रोज एकोणीस. संध्याकाळी भोंगा झाला की अठरा जण आपापली उचलतात आणि एक ओट्यावर राहते. सकाळी बघावं तर तिथंच असते.

दुसरी गोष्ट रहमतचाचाची. प्रेसचा मिस्त्री म्हणून माणूस हुशार आहे, पण सगळे निघाले की दारात उभा राहतो आणि रिकाम्या गोदामाकडे तोंड करून म्हणतो, "चला, सुटी झाली." मग जरा थांबतो, कोणी बाहेर यायचं असावं तसा. नंतर दार लोटतो. मी विचारलं तर म्हणाला, "सवय आहे, साहेब." मला ही सवय आवडली नाही.

विम्याचे साहेब येऊन गेले. त्यांनी कडक नियम लावायला सांगितले आहेत. पुढच्या आठवड्यापासून लावतो.

तुमचा रूपसिंग

*

तांडा, महागावजवळ, ता. २० नोव्हेंबर १९५८

रूप्या, सुखी राह्य.

मोतीबिंदूनं मले आता हाताची बोटं बी दिसत नाईत. मी बोलून राह्यलो, सेवादास गुरुजी लिहून राह्यले. म्हणून थोडक्यात सांगतो.

तू मॅनेजर झाला, छाती भरून आली. पण बेटा, त्या ओट्याकडे पाठ करूनच बस. मोजू नको. ज्या माणसानं आपल्या हातानं काडेपेटी ठेवली, त्याले तू पायत बसला तं थो तुह्यासाठी ठेवते. तू पायत नसला तं थो सोतासाठी ठेवते. एवढाच फरक आहे, आन् गोदाम त्याच फरकावर उभं आहे.

जे एक उरते, थे उरू दे. हात लावू नको.

रहमतले काही बोलू नको. त्याच्यावानी इमानी माणूस तुले यवतमाळात बी भेटणार नाई.

काहून, कायले, हे इचारू नको. भेटशील तवा सांगीन. हे गुरुजीच्या हातानं सांगण्यासारखं नाई.

मामी म्हणते, अंगावर घेऊन झोपत जाय, थंडी पडून राह्यली.

डोंगरसिंग

*

दिग्रस, ता. २ डिसेंबर १९५८

मामा, पाया पडतो.

तुमचं पत्र वाचून खरं सांगू, हसू आलं आणि थोडा रागही आला. पाठ करून बसायचं असेल तर शेठ मला पगार कशाला देतात?

नियम सुरू केले. सकाळी दारात प्रत्येकाची झडती. सगळे आत गेले की मी ओट्यावरच्या काडेपेट्या मोजतो आणि दाराशेजारी टांगलेल्या पाटीवर खडूनं लिहितो : आत माणसं इतकी. विमेवाल्यांनीच ही रीत सांगितली. प्रत्येक माणसामागे एक काडेपेटी, म्हणजे हिशेब सोपा. संध्याकाळी बाहेर येताना डोकी मोजायची आणि पाटीशी जुळवायची.

जुळत नाही, मामा. पाटीवर एकोणीस लागतं, बाहेर अठरा येतात.

पहिल्या दिवशी वाटलं, कोणी आत दडून राहतो आणि रुई लांबवतो. सगळ्या गाठी हलवून पाहिल्या. गोदामाला एकच दार आणि वर एक झरोका. आत मांजरसुद्धा नव्हतं.

मग ती उरलेली काडेपेटी उचलून मी टेबलाच्या खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर पुन्हा एकोणीस. खण उघडला तर ती आतच. म्हणजे ही दुसरी. दोन्ही जवळ ठेवून पाहिल्या. एकच छाप, तोही असा की बाजारात कोणा दुकानदाराला ओळखता आला नाही. दोन्ही भरलेल्या, एकही काडी ओढलेली नाही. आणि एका कोपऱ्याला दोन्हींनाही सारखाच काळा डाग, अंगठ्यानं धरून धरून पडावा तसा.

कोणीतरी माझी थट्टा करतंय. माझा संशय रहमतचाचावर आहे. बाकीचे झडतीला कुरकुरतात, शिव्या देतात, ते मी समजू शकतो. हा काही बोलत नाही. हात वर करून उभा राहतो आणि माझ्याकडे असं पाहतो की मीच काही चोरलं असावं.

आता दाराला कुलूप घालणार. कामाच्या वेळी आतला आत, बाहेरचा बाहेर. किल्ली माझ्या खिशात. मग पाहू एकोणिसावा कोण आणि जातो कुठून.

रूपसिंग

*

तांडा, ता. १४ डिसेंबर १९५८

रूप्या,

कुलूप लावू नको. तुह्या मामाचं आजपर्यंत काही ऐकलं नसशील तरी एवढं ऐक.

थे काडेपेटी पहिले मीच ठेवत होतो. तीन-चार वर्ष ठेवली. रोज सकाळी माह्या खिशातून काढून सगळ्याईच्या आधी ओट्यावर ठेवायचो, सांजच्याले उचलायचो. एक माणूस गेलता, त्याच्या नावानं. मंग एका हिवाळ्यात मले हिवताप आला. आठ दिवस तांड्यावर पडून होतो. मांगं येऊन पायतो तं काडेपेटी ओट्यावर. रहमतले इचारलं, तू ठेवली काय? थो म्हणे, म्या नाई, मले वाटलं तू कोणाले सांगून गेला. त्या दिवसापासून म्या ठेवणं सोडलं. थे ठेवल्या जातेच.

तवापासून म्या ओट्याकडे पाठ केली. माणसाईवर भरोसा होता म्हणून बी, आन् कोण ठेवते हे पायची हिंमत नव्हती म्हणून बी. दोन्ही खरं आहे.

गुरुजी लिहिता लिहिता थांबले आन् माह्या तोंडाकडे पाहून राह्यले. म्हणून इथंच थांबतो. संक्रांत झाली की कोणाचा तरी हात धरून मोटारीनं दिग्रसले येतो आन् सगळं तोंडानं सांगतो. तोवर दार उघडं राहू दे. बिडी ओढणाऱ्याले बाहेर येऊ दे.

डोंगरसिंग

*

दिग्रस, ता. ५ जानेवारी १९५९

मामा, पाया पडतो.

तुमची तब्येत कशी आहे? तुमचं मागचं पत्र मी दोनदा वाचलं आणि ठेवून दिलं. म्हातारपणी एकटं बसलं की मन काहीबाही विणतं. राग मानू नका.

कुलूप लावून तीन आठवडे झाले. शेठ खूश आहेत. काम वाढलं, कारण निंबाखालच्या बैठका बंद झाल्या. पहिल्या दिवशी दोघा-तिघांनी दार वाजवलं, बिडीला सोडा म्हणाले. मी सोडलं नाही. आता कोणी वाजवत नाही. बिडीच सुटली म्हणायची. काल ओट्यावरच्या काडेपेट्या हलवून पाहिल्या तर सतरा रिकाम्या. नुसते खोके आणून ठेवतात बिचारे, मोजणीपुरते. भरलेल्या दोनच. एक रहमतचाचाची आणि एक ती.

कडक राहिलं की माणसाची वाईट सवयसुद्धा जाते, हे मी तुम्हाला तोंडावर सांगणार होतो, पत्रात सांगितलं.

रहमतचाचा मात्र येऊन म्हणाला, "साहेब, झडती घे, पगार काप, पण कुलूप काढ. आत बसलं की मले श्वास येत नाई." मी म्हटलं, अठरा जणांत तुम्हालाच काय झालं? आणि ते संध्याकाळचं हाक मारणंही बंद करा, नाहीतर दुसरं जिन बघा. घरात सुग्राबी आणि तीन पोरी आहेत, दुसरं जिन कुठं बघणार? त्यानं हाक मारणं बंद केलं.

एक क्षुल्लक गोष्ट आहे. हाक बंद झाल्यापासून, भोंगा होऊन सगळे निघाले आणि मी कुलूप लावलं की दार आतून वाजतं. जोरात नाही. तीनदा, बोटाच्या पेरानं वाजवावं तसं. पहिल्यांदा मी उघडून पाहिलं. रुईच्या गाठी, बाकी काही नाही. उंदीर असतील. आता मी उघडत नाही.

पाटीवर अजून एकोणीसच लागतं. संध्याकाळी बाहेर आले तेही मी आता एकोणीसच लिहितो. विम्याचा कागद नीट दिसायला हवा.

रूपसिंग

*

तांडा, ता. १९ जानेवारी १९५९

रूप्या,

सतरा काडेपेट्या रिकाम्या, हे म्या गुरुजीले दोनदा वाचाले लावलं. बेटा, बिडी सुटली नाई. खोकं ओट्यावर आहे आन् काड्या आत आहेत. पागोट्यात असतील, धोतराच्या काष्ट्यात असतील. झडतीनं माणूस काही शिकत नाई, लपवणं शिकते. आन् तू त्याईले बाहेर येऊ देत नाईस, मंग थे ओढतात कुठं?

यायचं होतं, पण ताप आला. म्हणून आता गुरुजीसमोरच बोलतो. जे व्हायचं थे होऊ दे.

छत्तीस सालची गोष्ट आहे. मी तवा तुह्याएवढाच होतो, आन् तुह्याएवढाच कडक. झडती म्याच काढली, कुलूप म्याच लावलं. फुलचंद नावाचा आपल्याच तांड्याचा गडी होता. थो म्हणे, डोंगऱ्या, माह्या अंगाले हात लावू नको, माही काडेपेटी मी ठेवतो. रोज ठेवायचा, भरलेली. बाकीचे रिकामे खोके ठेवायचे. मले समजलं नाई, तुले समजलं नाई तसंच.

एक दिवस दुपारी कुलूप लावून मी किल्ली घेऊन बजारात गेलतो. कोणी तरी गाठीमांगं बसून बिडी पेटवली. आग लागली. मी येईपर्यंत लोकं झरोक्यातून एकमेकाले वर ढकलून बाहेर पडलते. रहमत तवा वीस-बावीसचा होता. त्याले फुलचंदनं खांद्यावर घेऊन वर चढवलं. फुलचंदले चढवाले कोणी उरलं नाई. रहमत वरून हात देत होता, हात पुरला नाई.

सांजच्याले ओट्यावर एकच काडेपेटी होती. ज्यानं इमानानं बाहेर ठेवली, थोच आत राह्यला.

शेठले म्या सांगतलं, रेच्यातून ठिणगी उडाली. कुलपाचं बोललो नाई. रहमतले ठाऊक होतं. थो बी बोलला नाई, माही नोकरी राहावी म्हणून. तेवीस वर्ष झाली. थो हाक मारते, कारण त्या दिवशी फुलचंदले सोडून आला.

हे पत्र भेटल्याबरोबर कुलूप काढ. दुसऱ्या सकाळची वाट पाहू नको.

डोंगरसिंग

(रूपसिंग, हे पत्र मी आजच्या आज महागावच्या टपालात स्वतः नेऊन टाकतो आहे. मामा सांगतील तसं करा. — सेवादास)

*

दिग्रस, ता. २४ जानेवारी १९५९

मामा,

तुमचं पत्र काल, तेवीस तारखेला मिळालं. गोदाम एकवीसला जळालं.

तुम्हाला सगळं सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही.

दुपारचे अडीच वाजले असतील. मी ऑफिसात कागद लिहीत होतो. अवेळी भोंगा झाला. बाहेर आलो तर झरोक्यातून धूर निघत होता आणि दार आतून धडधडत होतं. किल्ली खिशातच होती. घाईत कुलपाचं भोक सापडेना. उघडलं आणि माणसं एकावर एक बाहेर पडली, खोकत, डोळे चोळत. आणि मामा, मी काय करत होतो ठाऊक आहे? मी मोजत होतो. सवयीनं. एक, दोन, तीन. सगळ्यात शेवटी रहमतचाचा, एकाला काखेत धरून. सतरा, अठरा.

मी पाटीकडे पाहिलं. पाटीवर माझ्याच हातानं सकाळी लिहिलेलं एकोणीस होतं.

मी ओरडलो, "एक आत आहे!"

रोज संध्याकाळी अठरा बाहेर येतात हे मला ठाऊक होतं. त्या काडेपेटीचं तुम्ही मला लिहिलं होतं. तरी त्या क्षणी मला पाटी खरी वाटली आणि समोरची माणसं खोटी वाटली.

रहमतचाचा जमिनीवर बसला होता. उठला. म्हणाला, "आहे काय आत?" मी म्हटलं, "आहे. पाटीवर एकोणीस आहे." त्यानं हौदात दुपट्टा बुचकळला, तोंडाला बांधला. कोणीतरी त्याचा हात धरला, तो त्यानं सोडवून घेतला. माझ्याकडे बघून म्हणाला, "या बारीले नाई सोडत त्याले," आणि आत गेला.

मी थांबवलं नाही. त्यानं 'त्याले' म्हटलं ते कोणाला, हे मला तुमचं पत्र वाचल्यावर काल समजलं.

धुरात तो दिसेनासा झाला. मग आतून त्याचा आवाज आला, अगदी शांत, नेहमीसारखा. "चला, सुटी झाली." आणि कोणीतरी उत्तर दिलं. शब्द समजले नाहीत, पण दोन माणसं बोलत होती. सतरा जणांनी ऐकलं, मी ऐकलं. नंतर छप्पर खाली आलं.

राख उपसली, तेव्हा एकच माणूस सापडला.

आज सकाळी सतरा जण आपापली खोकी उचलून गेले. ओट्यावर दोन काडेपेट्या उरल्या आहेत. दोन्ही भरलेल्या.

मी काय करू, सांगा.

रूपसिंग

*

तांडा, ता. २ फेब्रुवारी १९५९

रूप्या, बेटा,

तुह्यं पत्र येऊन तीन दिवस झाले. गुरुजी रोज येऊन बसले आन् कोरा कागद घेऊन गेले.

तू इचारतो, काय करू. म्या केलं थे करू नको. म्या ठिणगीचं सांगतलं आन् गप्प राह्यलो, म्हणून तू कुलूप लावलं. म्या पह्यल्याच पत्रात सांगतलं असतं तं रहमत जिता असता. हे तुह्या एकट्याच्या माथ्यावर नाई, अर्धं माह्या आहे.

सुग्राबीकडे जाय. खरं सांग. काठीनं मारलं तं खाय.

डोंगरसिंग

*

दिग्रस, ता. १६ नोव्हेंबर १९५९

मामा, पाया पडतो.

इतके महिने लिहिलं नाही. नवा हंगाम सुरू झाला म्हणून आज लिहितो.

सुग्राबीचाचीकडे तुमचं पत्र आलं त्याच महिन्यात गेलो होतो. सगळं सांगितलं, कुलूप, पाटी, माझं ओरडणं. ती भाकरी थापत होती, थापत राहिली. मग म्हणाली, "आत कोणी होतं काय?" मी म्हटलं, नव्हतं. ती म्हणाली, "मंग ते कोणासाठी गेले?" मी म्हटलं, फुलचंदसाठी. तिनं तव्यावरची भाकरी उलटवली. नंतर म्हणाली, "नाव ठाऊक आहे. झोपेत घेत होते." मला वाटलं होतं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मोठी पोरगी आता आपल्या रेच्यावर कामाला येते, मला सलाम करते, आणि मला मान वर करता येत नाही.

शेठलाही सांगितलं. ते म्हणाले, रूपसिंग, तू नियमानं वागलास, तुझी चूक नाही. विमेवाल्यांनी तर कागदावर माझं कौतुक केलं. पाटीमुळे आत किती माणसं होती ते लगेच समजलं, असं लिहिलं. आता म्हणे त्यांच्या सगळ्या जिनांत पाटी लागणार आहे. मामा, तो कागद मी तिथंच फाडला.

गोदाम नवं बांधलं, ओटा तोच आहे. माणसं पुन्हा अठरा आहेत. कुलूप मी नाल्यात टाकलं. झडती नाही. बिडीला बाहेर येतात, निंबाखाली बसतात, कधी कधी जास्तच बसतात, मी काही बोलत नाही. खोकी आता भरलेली असतात. मी पाहिली नाहीत, उचलताना आतल्या काड्या वाजतात ते पाठीमागून ऐकू येतं.

पाटी मात्र ठेवावी लागली. रोज मी न मोजता तिच्यावर अठरा लिहीत होतो.

परवा विम्याचे साहेब आले. माणूस वाईट नाही, तरुण आहे, माझ्यासारखाच. त्यांनी ओट्यावरच्या काडेपेट्या मोजल्या, पाटीकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "मॅनेजरसाहेब, तुमच्याकडून ही चूक?" रुमालानं अठरा पुसलं आणि आपल्या हातानं लिहिलं, वीस.

ते मोटारीत बसेपर्यंत मी हसत उभा होतो. मग पाटी काढली आणि ओट्यावर आपटून फोडली. शेठला तसं लिहून दिलंय. नोकरी राहील की जाईल, ठाऊक नाही. जाईपर्यंत मी तुमच्या जागेवर बसणार आहे, तुमच्यासारखाच, पाठ करून.

भोंगा झाला, सगळे निघाले की मी दारात उभा राहतो. आधी रहमतचाचाचं नाव घेतो, मग फुलचंदचं. म्हणतो, चला, सुटी झाली. जरा थांबतो. मग दार नुसतं लोटून घेतो.

तुमचा रूपसिंग